खूण एकाची, भरवसा दुसऱ्याचा

आजचा विषय वाचून आमच्याकडची मंडळी नक्की म्हणणार, की काकूंना आता कॉम्प्युटरच्या पोटातही डोकवायचंय! डोकवायचंय खरं. कारण तिथे जे घडलं ते शेवटी पेपर तपासणीचंच प्रकरण आहे आणि पेपर तपासण्यात माझी बत्तीस वर्षं गेली. आमचा पुतण्या याच धंद्यात आहे (नाव लिहिलं तर रागावेल). त्याने मला वहीवर चौकोन काढून सगळं समजावलं. पुढे मांडलेलं मत मात्र माझं.

आधी गोष्ट समजून घेऊ. कॉम्प्युटरच्या मुळाशी एक कारभारी प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुणाला किती मेमरी द्यायची हे तो ठरवतो आणि ती पानापानांनी वाटतो. नेहमीचं एक पान ४०९६ बाइटचं. आता दोन प्रोग्रॅमना एकच मजकूर हवा असेल तर दोन प्रती काढणं म्हणजे उधळपट्टी. म्हणून कर्नल दोघांना एकच पान दाखवतो. अट एवढीच, की वाचा पण लिहू नका. कुणी लिहायला गेला की त्या क्षणी त्याला स्वतःची वेगळी प्रत काढून मिळते आणि मूळ पान जसंच्या तसं राहतं. याला 'कॉपी ऑन राइट' म्हणतात. आमच्या पुस्तकपेढीसारखंच हे. पुस्तक सगळ्यांचं, पेन्सिल चालवायची असेल तर आधी झेरॉक्स काढ!

लिनक्सच्या कर्नलमध्ये नेमक्या याच व्यवस्थेला एक भोक होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते 'डर्टी काऊ' या नावानं जगजाहीर झालं. लबाड प्रोग्रॅम एकाच वेळी दोन गोष्टी करायचा. एका बाजूने लिहायला मागायचा आणि दुसऱ्या बाजूने 'माझी प्रत फेकून द्या' असं सतत सांगत राहायचा. कर्नल प्रत काढायचा, आता परवानगी पुन्हा बघायला नको असं धरून चालायचा आणि पान हातात घ्यायला वळायचा. तेवढ्यात प्रत फेकलेली असायची! मग हाती लागायचं ते मूळ पान, आणि लिखाण थेट त्याच्यावर. ज्या फाईलला साध्या वापरकर्त्याने बोट लावायचं नाही ती बदलायची आणि तो सगळ्या यंत्राचा मालक होऊन बसायचा. अँड्रॉइड फोनच्या आत लिनक्सच असल्यामुळे फोनही यातून सुटले नाहीत.

आता तपासणीकडे येते. हे भोक २००७ पासूनच्या कर्नलमध्ये होतं, म्हणजे नऊ वर्षं. लिनक्सचा कोड तर कुणीही उघडून वाचावा असा. पाहणारे डोळे पुष्कळ असले की चूक लपत नाही, असं या मंडळींत मोठ्या अभिमानाने सांगतात. मग नऊ वर्षं ते डोळे कुठे होते? फिल ओस्टर यांना हे सापडलं तेही कुणीतरी प्रत्यक्ष हल्ला केल्यावर, त्याच्या नोंदी तपासताना. त्याहून गंमत म्हणजे लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी स्वतः २००५ मध्येच या दुखण्यावर एक उपाय केला होता. तो आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर अडचणीचा ठरला म्हणून मागे घेतला गेला. तेव्हा हा धोका नुसता कागदावरचा वाटत होता. पुढे कर्नल सुधारत गेला, आणि कागदावरचा धोका प्रत्यक्षात आणणं सोपं झालं. २०१६ मध्ये दुरुस्ती करताना टॉरवाल्ड्स यांनी हा सगळा इतिहास स्वतःच लिहून ठेवला, हे मला फार आवडलं.

पण माझा मुद्दा याच्या पुढचा आहे. त्या दुरुस्तीत दोन खुणा बघायचं ठरलं. एक, प्रत काढून झाली आहे. दुसरी, पान 'डर्टी' आहे, म्हणजे त्यावर लिहिलं गेलंय. दोन्ही असतील तरच लिहू द्यायचं. वाचायला अगदी चोख! पण २०१७ मध्ये लक्षात आलं, की मोठ्या पानांच्या (नेहमीच्या यंत्रांवर २ मेगाबाइटच्या) बाबतीत प्रत निघालेली नसतानाही डर्टीची खूण दुसरीकडून लागू शकते. २०२२ मध्ये पुन्हा तेच, या वेळी सामायिक मेमरीतल्या फाईलींच्या बाबतीत. एका वेगळ्याच सोयीचा कोड आपल्या कामासाठी ती खूण लावत होता.

म्हणजे बघा, निकालपत्रकावर लाल टिक केली की 'फेरतपासणी झाली' असं मी ठरवलं आणि ऑफिसातल्या भाऊंनी 'फी भरली' म्हणून तिथेच लाल टिक करायला सुरुवात केली. माझं काम बरोबर, भाऊंचंही बरोबर, आणि निकाल चुकला!

अशा वेळी कोड तपासणारा काय करतो? पुतण्या सांगतो, की समोर फक्त बदललेल्या ओळी येतात. भाऊंच्या ओळी त्याने तपासल्या, त्या निर्दोष होत्या. त्या खुणेवर तिसऱ्या खोलीत कुणी विसंबून बसलंय, हे त्या ओळींत लिहिलेलंच नाही.

म्हणून मला वाटतं, बदललेल्या ओळी वाचणं म्हणजे तपासणी नव्हे, ती बेरीज पडताळणी झाली. खऱ्या तपासणाऱ्याने दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत. या दोन पायऱ्यांच्या मधल्या क्षणात दुसरं कुणी काय करू शकेल? आणि ही खूण आणखी कोण लावतं, तिच्यावर कोण विसंबतं? उत्तर कोडच्या शेजारीच लिहून ठेवावं. डोक्यात ठेवलेलं उत्तर माणसाबरोबर निवृत्त होतं.

पुतण्याचं म्हणणं, "काकू, एवढं बघत बसलो तर काहीच बाहेर पडणार नाही." त्याचंही खरं आहे. सगळ्याच ओळींना हा जाच नको. पण जिथे एकाच पानावर अनेकांचा हक्क आहे, तिथे घाई नको. बोर्डाच्या पेपरांना परीक्षकावर नियामक असतो, तो काय परीक्षक अडाणी असतो म्हणून? आता तर यंत्रंच भराभर कोड लिहून देतात. लिहिणं स्वस्त झालं, वाचणं तेवढंच महाग राहिलं. तरी कौतुक होतं ते लिहिणाऱ्याचंच. तपासणाऱ्याला वेळही मिळत नाही आणि मानही नाही.

२०२२ च्या दुरुस्तीत खुणेवरून अंदाज बांधणं सोडून दिलं गेलं. 'हे पान खरोखर याच्या एकट्याचं आहे का?' असं थेट विचारलं जाऊ लागलं. इतका साधा प्रश्न! पण तो सुचायला कुणीतरी निवांत बसून वाचावं लागतं.

तुमच्या कामातही अशी एखादी लाल टिक असेलच. बघा आठवून, आणि जरूर कळवा.