पहिला ग्राहक कोण?

हायड्रोजनवर चालणारी स्वदेशी बस २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात दाखविण्यात आली. शास्त्रीय व औद्योगिक संशोधन परिषद आणि केपीआयटी ही येथलीच कंपनी ह्यांच्या सहकार्याचे ते फळ होते. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये त्याच कंपनीने, ‘आयसर’च्या साह्याने केलेल्या सुमारे दशकभराच्या खटपटीनंतर, सोडियमची बॅटरी पुढे आणली. लिथियमसाठी आपणांस परदेशाकडे पाहावे लागते. सोडियम साध्या मिठात आहे. ह्या यशाचे मोल आम्ही जाणतो. परंतु प्रयोगवहीतील उत्तर बरोबर आले म्हणजे कार्य तडीस गेले असे होत नाही.

लिथियम बॅटरीचाच इतिहास पाहा. तिच्यासाठी लागणाऱ्या कोबाल्ट ऑक्साइडचा शोध १९८० साली ऑक्सफर्ड येथे गुडइनफ ह्यांच्या चमूने लावला. ती बाजारात आणली ती मात्र १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने. सोनीस स्वतःच्या कॅमेऱ्यांसाठी ती हवी होती. इंग्लंडात विद्वत्ता होती. जपानात गिऱ्हाईक होते.

आपल्याकडे संशोधक निबंध प्रसिद्ध करून मोकळा होतो, उद्योजकाजवळ कारखाना उभारण्याइतके द्रव्य नसते, आणि गुंतवणूकदार विचारतो, ‘माल घेणार कोण?’ ह्या तिघांना एकत्र बसविणारे मेळावे पुष्कळ होतात. पण तिसऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळत नाही. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये संशोधन व नवोन्मेषासाठी एक लाख कोटी रुपयांच्या योजनेस मंजुरी दिली, हे स्वागतार्हच आहे. परंतु भांडवल मिळाले तरी मागणी निर्माण होतेच असे नाही.

ती कशी निर्माण करावी, ह्याचा धडा घरातल्या दिव्यानेच दिला आहे. सरकारी कंपनीने एलईडी दिव्यांची घाऊक खरेदी आरंभिली, आणि २०१४ साली सुमारे ३१० रुपयांस मिळणारा दिवा थोड्याच वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला.

म्हणून आमची सूचना अशी की, महापालिका, परिवहन महामंडळ व महावितरण ह्यांनी आपल्या वार्षिक खरेदीचा लहानसा वाटा नव्या स्वदेशी ऊर्जासाधनांसाठी राखून ठेवावा. जनतेचा पैसा जुगारात लावावा असे आम्ही म्हणत नाही. त्रयस्थ तज्ज्ञांनी साधन तपासावे, खरेदी मर्यादित असावी आणि निष्पन्न जाहीर व्हावे. मात्र एखादा प्रयोग फसला म्हणून प्रामाणिक अधिकाऱ्यामागे चौकशीचा ससेमिरा लागू नये. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारणारा आज सुरक्षित राहतो आणि नवे घेणारा गुन्हेगार ठरतो. मग मांजराच्या गळ्यात घंटा बांधणार कोण?

पाषाणच्या प्रयोगशाळेत जन्मलेली विद्या उद्या परदेशी शिक्का घेऊन आपल्याच दारी विकावयास येऊ नये, एवढीच आमची इच्छा आहे. टाळ्या वाजवून झाल्या. आता कोणीतरी पहिली मागणी नोंदवावी.