कावळ्याचे घरटे आणि पावसाचा हिशेब

वैशाख उतरू लागला की आमच्या वृत्तपत्रांतून कावळ्याची स्वारी हमखास अवतरते. घरटे आंब्यावर वा करंजावर असेल तर पाऊस चांगला, बाभळीवर वा शमीवर असेल तर अवर्षण, असे त्याचे भविष्य छापून खाली पूर्वजांच्या ज्ञानाचे गोडवे गायिले जातात. हे गोडवे गाणाऱ्या विद्वानांस आमचा एकच प्रश्न आहे : मागील वर्षी कावळा चुकला की बरोबर ठरला, हे कोणी लिहून ठेवले आहे काय?

पक्ष्यांस हवेतील पालट कळत नाही, असे आमचे म्हणणे नाही. हवेचा दाब उतरला की काही पक्षी घाईने चरू लागतात, हे प्रयोगांत दिसून आले आहे. अमेरिकेतील टेनेसी प्रांतात तर एप्रिल २०१४ मध्ये, अंगावर मार्गनोंदणीची इवली यंत्रे बांधलेले पाच सोनपंखी वटवटे, भयंकर वादळ शेकडो मैल दूर असतानाच आपला मुलूख सोडून गेले व ते ओसरल्यावर परतले. माणसाच्या कानास न कळणारा वादळाचा घनगंभीर नाद त्यांनी ऐकला असावा, असा संशोधकांचा तर्क आहे. परंतु ही झाली एक-दोन दिवसांवर आलेल्या वादळाची गोष्ट. वैशाखात काटक्या वेचणाऱ्या कावळ्यास भाद्रपदातला पाऊस कळतो, हे त्यावरून कसे सिद्ध होते?

चातक आफ्रिकेकडून नैर्ऋत्य वाऱ्यांच्या पाठबळाने समुद्र ओलांडून येतो. वारे फिरले एवढीच त्याची वर्दी, पाऊस किती पडेल ही नव्हे. पावशा तर बोलूनचालून येथलाच रहिवासी. त्याचे ‘पेरते व्हा’ म्हणजे विणीच्या हंगामातली साद. शब्द आपण त्याच्या तोंडी घातले!

वेधशाळा तरी कोठे अचूक आहे, असे यावर ऐकविले जाते. खरे आहे. २००९ साली तिने एप्रिलात सरासरीच्या ९६ टक्के पाऊस सांगितला. पडला ७८ टक्के. पण हे आकडे तिच्या तोंडावर फेकता येतात, ते तिनेच प्रसिद्ध केले म्हणून. कावळ्याच्या चुका कोणी सांभाळीत नाही. पंख्याखाली बसून लेख लिहिणाऱ्यांचे त्यात जाते काय? त्यांचे बियाणे मातीत नसते. भलत्या भरवशावर पेरलेले करपले म्हणजे दुबार पेरणीसाठी कर्ज काढावे लागते ते शेतकऱ्यास.

तेव्हा ज्यांस या विद्येविषयी खरी आस्था असेल, त्यांनी येत्या वैशाखात आपल्या तालुक्यातील घरटी झाडांनिशी मोजावी, आश्विनात पर्जन्यमापकाचे आकडे त्यांच्याशेजारी मांडावे, असे दहा वर्षे करावे आणि मग लेख लिहावा. तो आम्ही आनंदाने छापू.