तेल संपले ती रात्र

युद्धांनी वैद्यकशास्त्र पुढे नेले, हे विधान आमच्या वाचनात वारंवार येते. ते खोटे नाही. पण अपुरे आहे, असे आम्हांस वाटते. का, ते एका रात्रीच्या हकिकतीवरून पाहू.

इ. स. १५३७ मध्ये फ्रान्सचे सैन्य इटलीतील तुरीनच्या मोहिमेवर होते. त्या सैन्यात आंब्रवाज पारे नावाचा एक तरुण शस्त्रवैद्य होता. धंद्याने न्हावी, कारण त्या काळी युरोपात शस्त्रक्रियेचे काम बहुधा न्हाव्यांकडेच असे. बंदुकीच्या दारूने जखम विषारी होते, म्हणून तीत उकळते तेल ओतावे, असे जोव्हान्नी द व्हीगो या नामांकित शस्त्रवैद्याने ग्रंथात लिहिले होते. पारेनेही तसेच केले. परंतु जखमी इतके आले की तेल संपले. निरुपायाने त्याने उरलेल्यांस अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचा लेप लावला.

त्या रात्री त्याला झोप येईना. तेलावाचून ही माणसे विषाने मेली तर? भल्या पहाटे तो उठून पाहावयास गेला. लेप लावलेल्यांना वेदना थोडी होती आणि रात्री त्यांना झोपही लागली होती. तेल ओतलेले मात्र तापाने फणफणत होते व त्यांच्या जखमा सुजून ठणकत होत्या. असा निर्दय डाग पुन्हा द्यावयाचा नाही, असा त्याने निश्चय केला. १५४५ साली हा अनुभव त्याने लॅटिनऐवजी साध्या शस्त्रवैद्यांना कळेल अशा फ्रेंच भाषेत प्रसिद्ध केला. पुढे १५५२ साली, पाय कापल्यावर तापल्या लोखंडाने डागण्याऐवजी, त्याने रक्तवाहिन्या दोऱ्याने बांधल्या.

जखमी प्रत्येक लढाईत असतात. त्या रात्री नवे होते ते पारेचे जागरण. ग्रंथाहून रुग्णाचे कण्हणे त्याला खरे वाटले, म्हणूनच युद्धातून विद्या निघाली. एवढे करूनही, आपण केवळ मलमपट्टी केली, बरे परमेश्वराने केले, असे तो म्हणत असे.

आपल्याकडेही काही खेड्यांत पोट फुगलेल्या तान्ह्या लेकराला डाग देण्याची चाल अजून उरली आहे. डाग देणाऱ्या आजीच्या मायेविषयी आम्हांस शंका नाही. व्हीगोलाही रुग्ण बराच करावयाचा होता. पण वाचकहो, विळा चुलीत तापण्यापूर्वी पारेची ती पहाट आठवावी, आणि लेकरू उचलून दवाखान्याची वाट धरावी.