सब किती मोठा, हा नंतरचा प्रश्न

गणपती जवळ आले की तात्यापारा, चौबे कॉलनी, पुरानी बस्ती इथल्या मंडळांचे फोन सुरू होतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, सब किती देणार? पंधरा इंची नको हं, अठराच पाहिजेत." क्रॉसओव्हर कोणता, तो कितीवर लावणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मी रायपुरात साउंडचं काम करते, मंडपातलं आणि घरातलंही. माझं मत स्पष्ट आहे: सबवूफर कुठून सुरू होणार आणि मुख्य स्पीकर कुठे थांबणार, हे आधी ठरलं पाहिजे. इंच, वॅट आणि नग त्यानंतर.

क्रॉसओव्हरचं काम सांगायला सोपं आहे. गाण्यातला खालचा भाग तो सबकडे पाठवतो, वरचा मुख्य स्पीकरकडे. गोम अशी की ही वाटणी दोन्ही बाजूंनी व्हावी लागते. सबचं वरचं कापणारा लो-पास बहुतेक जण लावतात, पण मुख्य स्पीकरचं खालचं कापणारा हाय-पास लावायचा राहून जातो. मग साधारण ६० ते १२० हर्ट्झचा पट्टा दोघेही वाजवत राहतात. तिथे आवाज फुगतो आणि गायकाचे शब्द त्यात बुडतात. शब्द कळावेत म्हणून ऑपरेटर वरचं वाढवतो, त्यावर कोणीतरी येऊन सांगतो की बेस कमी पडतोय, म्हणून सब वाढतो. आरती संपेपर्यंत सगळंच वाढलेलं असतं आणि शब्द तरीही कळत नाहीत. हे दुखणं आणखी दोन सब आणून बरं होत नाही.

कितीवर कापायचं, याचं उत्तर मी गाण्यातूनच काढते. काळी एकमध्ये गाणारा पुरुष गायक घ्या. त्याचा मध्य षड्ज साधारण १३८ हर्ट्झला येतो, मंद्र पंचम १०४ला, आणि तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ला. क्रॉसओव्हर ८०वर ठेवला तर गाणं मुख्य स्पीकरमध्येच राहतं आणि खर्जाचा तेवढा मूळ सूर सबला जातो. तोच क्रॉसओव्हर १५०वर नेला की गायकाचा षड्जच सबमध्ये जाऊन बसतो. सब मंचाच्या एका टोकाला असेल तर गायक मधोमध बसलेला दिसतो आणि त्याचा आवाज मात्र कोपऱ्यातून येतो. ८० हर्ट्झच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतो हे कानाला सहसा ओळखता येत नाही. टॉमलिन्सन होल्मन यांच्या, सिनेमाच्या आवाजासाठीच्या टीएचएक्स पद्धतीत घरातल्या सबसाठी ८०चाच आकडा धरला गेला, त्यामागे हे मोठं कारण होतं.

अर्थात ८० हा काही वेदवाक्यासारखा आकडा नाही. मुख्य स्पीकर खाली कुठवर दमदार वाजतो, ते आधी पाहायचं. पाच इंची वूफरचा छोटा स्पीकर साठाच्या आसपास दम टाकत असेल तर त्याला ९० किंवा १००वर मोकळं करावं. मोठा असेल तर ७०सुद्धा चालेल. स्पीकर जिथे संपतो तिथेच सब जोडायचा नाही, थोडं वर जोडायचा. म्हणजे सांध्याच्या दोन्ही बाजूंना दोघांच्याही अंगात ताकद शिल्लक राहते.

उतार किती, हेही महत्त्वाचं आहे. ह्यूलेट-पॅकार्डमधले दोन अभियंते, सिगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली, यांची फिल्टरची जोडी १९७६ सालापासून प्रसिद्ध आहे. एका सप्तकात २४ डेसिबलचा तिचा उतार आज जवळपास प्रत्येक डिजिटल प्रोसेसरमध्ये मिळतो. वाटणीच्या जागी दोन्ही बाजू सहा-सहा डेसिबल खाली असतात, आणि एकत्र वाजल्या की बेरीज सपाट येते. मात्र दोघांचा आवाज कानापर्यंत एकाच वेळी पोचला पाहिजे. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटरहून जरा लांब असते. सब मंचाखाली मागे सरकवले आणि मुख्य स्पीकर दोन-सव्वादोन मीटर पुढे स्टँडवर उभे केले, की अर्ध्या लाटेचा फरक पडतो आणि दोघे एकमेकांना खोडतात. अशा मंडपात सब कितीही मोठे आणा, छातीत काही लागत नाही. उपाय आहे डिलेचा: एक मिलिसेकंद म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटर, या हिशेबाने मुख्य स्पीकरचा आवाज उशिरा सोडायचा. नंतर ८० हर्ट्झचा एकच सूर लावून सबची पोलॅरिटी उलटी करून बघायची. उलटी केल्यावर आवाज सर्वांत खोल पडला तर सांधा बरोबर आहे. मग पोलॅरिटी पुन्हा सुलटी करून पुढच्या कामाला लागायचं.

मीटर आणि मायक्रोफोन माझ्याकडे आहेत आणि मी ते वापरते. तरी माझी शेवटची परीक्षा डग्ग्याची. तबलजी बसले की त्यांना मनगट सरकवत एक लांब घिस्सा द्यायला सांगते. तो घुमार खालून वर चढतो आणि चढताना नेमका सबच्या हद्दीतून मुख्य स्पीकरच्या हद्दीत शिरतो. सांधा नीट असेल तर आवाज तबलजींच्या मांडीसमोरून हलत नाही. नसेल तर मध्येच खड्डा पडतो किंवा घुमार एका बाजूला उडी मारतो. हे ऐकायला कान तयार असावे लागत नाहीत; हार विकायला बसलेल्या बाईंनाही ते कळतं.

घरात हाच घोळ लहान प्रमाणात दिसतो. चौबे कॉलनीतल्या एका काकांनी नवा सब घेतला आणि बातम्या ऐकताना निवेदिका मडक्यातून बोलतेय अशी तक्रार करू लागले. रिसीव्हरमध्ये त्यांचे छोटे स्पीकर 'लार्ज' म्हणून नोंदवलेले होते, म्हणजे हाय-पास बंदच. शिवाय रिसीव्हरचा फिल्टर चालू असताना सबच्या पाठीवरचा नॉबही १००वर होता, म्हणजे एकाच आवाजाला दोनदा कात्री. स्पीकर 'स्मॉल' केले, क्रॉसओव्हर ९०वर आणला, नॉब शेवटपर्यंत फिरवून बाजूला केला आणि सब कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढला. एक रुपयाची वस्तू आणावी लागली नाही. "आता बाई नीट बोलतेय," काकू आतून म्हणाल्या.

म्हणून विकत घेणाऱ्यांना माझा सल्ला सरळ आहे. रिसीव्हर असेल तर त्यातलाच क्रॉसओव्हर वापरा, वेगळा घेऊ नका. साधा स्टिरिओ अँप्लिफायर असेल आणि हाय-पासची सोय नसेल तर छोटा डिजिटल प्रोसेसर घ्या, ते पैसे वाया जात नाहीत. कॉइल-कपॅसिटरचा पॅसिव्ह क्रॉसओव्हर ८० हर्ट्झसाठी कोणी बनवून देतो म्हणाला तर नको म्हणा. ८ ओहमच्या स्पीकरला त्यासाठी जवळपास १६ मिलिहेन्रीची कॉइल आणि २५० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो, आणि एवढं करून उतार मिळतो सहा डेसिबलचा.

आता रस्त्याकडे येते, कारण माझा खरा जीव तिथे तुटतो. विसर्जनाच्या झांक्या आणि धुमाल शारदा चौक, सदर बाजार, लाखे नगरकडून महादेव घाटाकडे निघतात, तेव्हा दोन्ही बाजूंच्या घरांत म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं असतात. मुख्य स्पीकरचं तोंड आपण श्रोत्यांकडे वळवू शकतो. सबला तोंड नसल्यासारखंच असतं. त्याचा आवाज पुढे, मागे, वर, सगळीकडे जातो आणि भिंतींना फारसा जुमानत नाही. म्हणजे क्रॉसओव्हर १५०वर नेऊन आपण गाण्याचा जेवढा हिस्सा सबला देतो, तेवढा शेजाऱ्यांच्या भिंतीत ढकलतो. शेजाऱ्याला किती त्रास होणार, याचा बराच निकाल त्या एका आकड्यात लागतो.

कायदा आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज त्या परिसराच्या मर्यादेपेक्षा १० जास्त किंवा ७५, यातलं जे कमी ते. आपल्याकडे १९८५चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे, आणि डीजेच्या आवाजाची दखल बिलासपूरच्या उच्च न्यायालयानेही घेतली आहे. पण हे आकडे मीटरच्या 'ए' पट्टीवर मोजतात, आणि ती पट्टी खालचे सूर जवळजवळ मोजतच नाही. ५० हर्ट्झला ती तीस डेसिबल वजा करते. त्या एकाच सुराचा ९५ डेसिबल आवाज 'ए'वर ६५ दिसतो, म्हणजे निवासी भागातल्या सार्वजनिक जागेच्या हद्दीवर दिवसा चालणाऱ्या, ५५ अधिक १० अशा मर्यादेत बसतो. त्याच जागी 'सी' पट्टी ९४च्या आसपास दाखवते. खऱ्या गाण्यात वरचे सूरही असल्यामुळे दोन आकड्यांतलं अंतर इतकं टोकाचं नसतं. तरीही खिडकीची तावदानं थरथरत असताना कागदावर सगळं ठीक दिसू शकतं, आणि तक्रार करणारी माणसं खोटी ठरतात. हा त्यांच्यावर अन्याय आहे.

मंडळांना माझी विनंती आहे की यंदाच्या बुकिंगच्या चिठ्ठीत सबच्या संख्येआधी क्रॉसओव्हरचा आकडा लिहून घ्या, मुख्य स्पीकरला हाय-पास लावणार हे लिहून घ्या, आणि पहिल्या आरतीआधी अर्धा तास साउंडवाल्याला सांधा जुळवायला द्या. कमी सबमध्ये भरलेला आवाज मिळतो, हे मी ऐकवून दाखवायला तयार आहे. आणि छत्तीसगड पर्यावरण संरक्षण मंडळाला सांगणं इतकंच की मिरवणुकीत 'ए'बरोबर 'सी'चा आकडाही नोंदवा. ती कळ बहुतेक मीटरांवर असतेच. नोंदवहीत फक्त एक रकाना वाढवायचा आहे.