आधी संमती, मग मंजुरी

इंग्लंडच्या नॉरफोक किनाऱ्यावर शेरिंगहॅम येथे ऐन समुद्रकड्यावर गोल्फचे मैदान आहे. ते 1891 सालचे. खेळ सभासदांचा आणि पैसे मोजणाऱ्या पाहुण्यांचा. परंतु कड्याच्या काठाने जाणारी पायवाट मात्र सर्वांची. 2009 च्या कायद्याने तर इंग्लंडच्या सबंध किनाऱ्याने अशी वाट आखण्याचे ठरले. मैदान कोणाचेही असो, वाटसरूचा हक्क त्याला मानावा लागतो.

आपल्याकडे असेच मैदान योजिले गेले तेव्हा काय घडले? गोव्याच्या उत्तर टोकाला, नदीपलीकडे सिंधुदुर्गाला चिकटून असलेल्या तेरेखोल गावी, समुद्रावर आलेल्या सड्यावर गोल्फ मैदान व हॉटेल उभारण्याचा प्रकल्प पुढे आला. गावकऱ्यांची उपजीविका तेथल्याच काजूवर. गोव्यात 1976 च्या दुरुस्तीने कुळांना जमिनीची मालकी दिली. 1991 च्या कायद्याने ती जमीन शेतीखेरीज अन्य कामी वापरण्यास मनाई केली. तरीही 2015 च्या सुमारास गावकऱ्यांना आपला कूळहक्क राखण्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. ज्यांना सर्वांआधी विचारावयाचे, त्यांनाच शेवटी दाद मागत फिरावे लागले.

चंद्रपूर-गडचिरोलीने ही कथा परक्याची मानू नये. येथे मागणी गोल्फची नसून कोळशाची व लोखंडाची आहे. प्रश्न मात्र तोच. 2006 च्या वनहक्क कायद्यान्वये धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि 2011 साली बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गाव आपले जंगल सांभाळू शकते, विकू शकते आणि हिशेबही ठेवू शकते, हे तेथे दिसले.

त्याच 2009 साली केंद्राने परिपत्रक काढून वनजमीन अन्य कामी देण्याच्या प्रस्तावाला ग्रामसभेची संमती आवश्यक ठरविली. 2022 च्या नियमांनी मात्र केंद्राच्या मंजुरीपूर्वी ती तपासण्याची अट काढून हा भार राज्यावर टाकला. आधी मंजुरी आणि मग संमती! सर्व काही ठरल्यावर विचारलेल्या प्रश्नाला कोणते उत्तर उरते? एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचा डोंगर माडियांना ठाकुरदेवाचे स्थान आहे. आज तेथे लोहखनिजाची खाण आहे, आणि अनेक ग्रामसभांनी तिला विरोध नोंदविला आहे.

उद्योग नकोत असे कोणी म्हणत नाही. रोजगाराची निकड या दोन जिल्ह्यांइतकी क्वचितच कोठे असेल. परंतु भार आता राज्यावर आहे, तर ग्रामसभेचा खरा, कोरम पूर्ण असलेला ठराव जोडल्याशिवाय एकही प्रस्ताव दिल्लीला जाणार नाही, असा नियम राज्याने स्वतः करावा. असे ठराव लिहिण्यास गावात लिहिणारा-वाचणारा लागतो. शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन तरुण यांनी तेवढे प्रामाणिकपणे केले तरी पुष्कळ होईल. कोरा कागद सहीसाठी पुढे आला, तर तो आधी मोठ्याने वाचून दाखविण्याची मागणी करणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.