सत्तर, सत्तर, साठ

राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियानातून, म्हणजे ‘रूसा’मधून, महाविद्यालयांना पायाभूत सुविधांसाठी दोन कोटी रुपये मिळत. त्यांची वाटणी आधीच ठरलेली होती. 35 टक्के नव्या बांधकामाला, 35 टक्के जुन्या इमारतींच्या दुरुस्ती-सुधारणेला, 30 टक्के उपकरणांना. म्हणजे 70 लाख, 70 लाख आणि 60 लाख. बेरीज करून पाहा. दोन कोटी पुरते होतात. शिकवणाऱ्या माणसासाठी त्यात एक रुपयाही उरत नाही.

अनुदान पायाभूत सुविधांचे होते, त्यात पगार कसा बसवणार, असे कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. गळक्या वर्गात शिकवणे कोणालाच जमत नाही आणि प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक लागतातच. पण हे अभियान 2013 मध्ये सुरू झाले ते राज्यांतल्या उच्च शिक्षणाचा दर्जा सुधारायला. महाविद्यालयांना ते माहीत आहे ते मुख्यतः या दोन कोटींच्या रूपात. प्राध्यापक भरतीला मदत हा एक वेगळा घटक त्या योजनेत होता. 2023 मध्ये योजनेचे ‘पीएम-उषा’ झाले. महाविद्यालयाला मिळू शकणारी रक्कम पाच कोटींपर्यंत गेली, निवडक विद्यापीठांना शंभर-शंभर कोटी जाहीर झाले. भरतीचा घटक मात्र यादीतून गेला.

राज्यांनी प्राध्यापकांच्या रिक्त जागा भराव्यात, ही ‘रूसा’ची मूळ अट होती. महाराष्ट्राने ती मान्य करून योजनेत भाग घेतला. मे 2017 मध्ये याच राज्याच्या वित्त विभागाने पदभरती थांबवली. नोव्हेंबर 2018 मध्ये रिक्त पदांपैकी 40 टक्के, म्हणजे 3,580 सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी मिळाली. त्यातल्या 1,492 भरल्या. मे 2020 मध्ये करोनाच्या नावाने भरती पुन्हा थांबली. उरलेल्या 2,088 जागांची परवानगी नोव्हेंबर 2021 मध्ये आली. त्याच्या चार वर्षे आधीच रिकाम्या असलेल्या जागांच्या निम्म्याहूनही कमी जागांसाठी एवढी खळखळ. दरम्यान निवृत्त होणारे निवृत्त होतच होते.

बांधकामाच्या अनुदानात 40 टक्के वाटा राज्याचा असतो. भिंतीसाठी हा वाटा उचलणारे सरकार आणि त्या भिंतीआड शिकवणाऱ्याची नेमणूक अडवणारे सरकार एकच आहे. फक्त फायली वेगळ्या आहेत.

कोणत्याही अनुदानित महाविद्यालयात जुलैमध्ये जा आणि विभागाच्या दाराजवळ लावलेले वेळापत्रक वाचा. काही चौकटींत प्राध्यापकांची आद्याक्षरे दिसतील. बऱ्याच चौकटींत नुसते ‘सीएचबी’, म्हणजे तासिका तत्त्वावर, असे लिहिलेले असते. तो तास कोण घेणार हे अजून ठरलेले नसते. जाहिरात, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता, सहसंचालक कार्यालयाची मंजुरी, हे सगळे दरवर्षी पहिल्यापासून. तोवर पहिल्या सत्राचा बराचसा भाग निघून जातो. मग नेट, सेट किंवा पीएच.डी. झालेला एखादा तरुण रुजू होतो. तो सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात तास घेतो. परीक्षेचे पर्यवेक्षण करतो, महाविद्यालयाचे मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’ची फाइलही तोच लावतो. मोबदला फक्त तासाचा. बिल अनेकदा काही महिन्यांनी निघते. उन्हाळ्यात काहीच नाही. पुढच्या जुलैत पुन्हा मुलाखत.

अतिथी अध्यापकाला तासाला 1,500 रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त 50,000 रुपये द्यावेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने जानेवारी 2019 मध्ये सांगितले. महाराष्ट्राने 2023 मध्ये कला-वाणिज्य-विज्ञानाच्या पदवी वर्गांचा दर वाढवला, तो 625 वरून 900 वर. त्याच आयोगाच्या 2018 च्या नियमांत कंत्राटी नेमणुका एकूण अध्यापक पदांच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नयेत, असे म्हटले होते. विभागच्या विभाग तासिका तत्त्वावर चालवणाऱ्या महाविद्यालयांना हा नियम कुणी वाचून दाखवावा?

असे का होते, याचे उत्तर हिशेबाच्या पद्धतीत सापडते. इमारत हा एकदाच होणारा खर्च आहे. तिचा फोटो काढता येतो, मोजमाप घेता येते, उपयोगिता प्रमाणपत्र वेळेत धाडता येते. उद्घाटनही होते. प्राध्यापकाची नेमणूक केली की पंचवीस-तीस वर्षे दरमहा पगार देणे आले. वित्त विभाग त्याला दायित्व म्हणतो आणि ते लांबवण्यात आपली हुशारी मानतो. त्या काटकसरीची किंमत मुलांना मोजावी लागते. ज्याने गेल्या वर्षी यांत्रिकी शिकवली तो यंदा भेटेलच असे नाही. प्रकल्प कोणाकडे करायचा, पुढे काय शिकायचे, शिफारसपत्र कोणाकडे मागायचे, हे विचारायला ओळखीचा माणूस नाही. शहरातल्या मुलाला दुसरे मार्ग सापडतात. घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोहोचलेल्या मुलीला ते कुठून सापडणार? तिच्यासाठी कॉलेज म्हणजे तो शिक्षकच असतो. नव्या स्मार्ट बोर्डासमोर तो नसेल, तर तिच्या वाट्याला दर्जा म्हणून नेमके काय आले?

अनुदानाच्या पात्रतेसाठी पुन्हा ‘नॅक’ची श्रेणी पाहिली जाते, आणि ती श्रेणी देताना पूर्णवेळ शिक्षक किती आहेत हे मोजतात. म्हणजे सरकारने जागा अडवायच्या आणि त्याच कमतरतेपायी महाविद्यालयाने गुण गमवायचे. आडगावच्या महाविद्यालयांना याचा फटका सर्वांत आधी बसतो.

‘पीएम-उषा’ची मंजुरी 2025-26 पर्यंतची होती. पुढच्या टप्प्याचा आराखडा करताना वाटणीत चौथा आकडा घालावा. मंजूर पण रिक्त जागांवर नेमलेल्या प्राध्यापकांचे पहिल्या तीन वर्षांचे वेतन या अनुदानातून द्यावे आणि तिथून पुढचे वेतन राज्य देईल, अशी लेखी हमी वित्त विभागाकडून आधीच घ्यावी. नवा वर्ग बांधायची परवानगी मागणाऱ्या महाविद्यालयाला तिथे कोण शिकवणार हे विचारावे. आणि दुसरा हप्ता सोडण्यापूर्वी उपयोगिता प्रमाणपत्राबरोबर राज्याकडून आणखी एक कागद मागावा : भरलेल्या जागांची यादी, नियुक्तीच्या तारखांसह.