तुला झालें आहे तरी काय?

एकत्र कुटुंबांत औषधपाण्याचा निर्णय आजाऱ्याचा नसतो, घराचा असतो. ताप आला असतां ही रीत मोठी सोयीची. परंतु कर्करोगाची पूर्वतपासणी, जिला कांहींच होत नाहीं अशा बाईनेंहि करून घ्यावयाची असते. आणि येथेंच घराची बुद्धि अडते.

भोर तालुक्यांतील किकवीसारखें गांव घ्या. पुणें-सातारा हमरस्त्यावरचें हें गांव. पुण्याचीं इस्पितळें तेथून कांहीं परदेशांत नाहींत. तरी चाळिशी उलटलेल्या सूनबाईंनीं तपासणीचा विषय काढला, तर सासूबाई मायेनेंच विचारतील, “तुला झालें आहे तरी काय?” यजमान म्हणतील, “दिवाळी होऊं दे.” शेजारीण हळूच सुचवील, “घरांत लग्नाची मुलगी आहे, बोभाटा कशाला?” यांत दुष्टपणा कोणाचाच नाहीं, म्हणून तर उत्तर देणें कठीण.

मुंबईस टाटा स्मारक रुग्णालयानें १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारें १,५०,००० स्त्रियांमध्यें एक प्रयोग केला. निम्म्यांच्या गर्भाशयमुखाची दर २ वर्षांनीं तपासणी व्हावयाची. साधन काय, तर शिरक्यांत असतें तेंच अॅसेटिक आम्ल. तें लावल्यावर मिनिटभरांत संशयित भाग पांढरा दिसतो. तपासणाऱ्या, दहावीपर्यंत शिकलेल्या व या कामीं तयार केलेल्या स्त्रिया. आरंभीं बायका कुतूहलानें व्याख्यान ऐकत आणि तपासणीचें नांव निघतांच नकार देत. एकीनें तर मेजावरून उठून आपलें मूत्रपिंड चोरल्याचा आकांत मांडला! अशी आवई शेजारांत किती वेगानें फिरते, हें आमच्या वाचकभगिनींस सांगावयास नको. तरीहि घरोघर फिरून समजूत घातल्यावर शेंकडा ८९ स्त्रिया आल्या. आणि २०१३ सालीं जाहीर झालेल्या निष्कर्षांत, न तपासलेल्या निम्म्यांच्या मानानें, या रोगाचे मृत्यु शेंकडा ३१ नीं कमी आढळले.

पुरुषांनीं हंसूं नये. सरकारनें २०१६ सालीं आंखलेल्या योजनेंत ३० ते ६५ वयाच्या स्त्रीपुरुषांचें तोंडहि दर ५ वर्षांनीं पाहावयाचें आहे. तंबाखूची चंची जवळ बाळगणाऱ्या मामंजींस ‘तोंड दाखवून या’ असें सुनेनें म्हणावें तरी कसें? तें काम त्यांच्या पारावरील मित्रांचें.

बायकांच्या बाबतींत आम्हांस सोपा मार्ग दिसतो. थोरल्या वहिनी आधीं जाऊन आल्या, म्हणजे धाकट्या जावांना परवानगी मागावीच लागत नाहीं. सासूबाईंची पासष्टी उलटली नसेल, तर पुण्याच्या मोटारींत पहिली जागा त्यांनींच धरावी.